धोट्याची मूठ

हस्तिदंती मुठीचा म्हणून जुना वस्तरा कोणी दाखवायला आणला, की मी आधी मूठ अंगठ्याने खसाखसा चोळतो आणि हुंगतो. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. १८७० च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या या पदार्थात कापूर घातलेलाच असतो, आणि इतक्या वर्षांनीही चोळल्यावर तो बोलतो.

गिरगावात फणसवाडीत राहणाऱ्या एक काकू आजेसासऱ्यांचा वस्तरा मखमली डबीत घालून घेऊन आल्या होत्या. घरात सगळे त्याला हस्तिदंतीच म्हणत आलेले. मूठ चोळून त्यांच्या नाकाशी धरली. "अगंबाई, हा तर आरतीचा वास!" खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, इथे नुसत्या सरळ समांतर रेघा होत्या, कारखान्यात काढलेल्या. पण खोटेपणाचं मला तितकंसं वाटत नाही. वाईट हे की जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. मिटलेल्या वस्तऱ्याचं पातं जिथे मुठीत विसावतं, नेमकं तिथेच ते गंजानं खाल्लेलं होतं. ज्या मुठीने पातं सांभाळायचं तीच त्याला खात होती. मूठ काढावी लागली. ती वेगळी बांधून दिली आणि बजावलं, दुसऱ्या पात्याजवळ ठेवू नका, आणि समईजवळ तर मुळीच नको, भडकन पेटते.

लोकांना वाटतं वस्तरा दुरुस्त करणं म्हणजे धार लावणं. धार शेवटी येते. खरा वेळ जातो तो मूठ जोडणारं रिव्हेट काढण्यात. पितळेची ही तार जेमतेम दीड मिलिमीटर जाड असते. ती घाईने ठोकून काढली की मुठीला भोकापासून चीर जाते. मुठीच्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये शिशाची नाहीतर लाकडाची छोटी पाचर असते. तिचा उतार केसभर चुकला तरी पातं मिटताना एका बाजूला घासतं आणि धार तिथेच मरते. पॉलिशच्या चाकावर पातं बोटाला चटका देईल इतकं तापू द्यायचं नाही. त्यावर पिवळट आणि मग निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं. पुढे कितीही घासा, धार टिकत नाही.

पात्याच्या देठावरचे शिक्के मी कधीच घासून काढत नाही. तारा आणि माल्टीज क्रॉस दिसला की शेफिल्डचे जोसेफ रॉजर्स. शेफिल्डच्या मालावर 'इंग्लंड' असा शब्द असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने तेव्हापासून मालावर देशाचं नाव मागितलं. परळच्या एका नाभिक कुटुंबाच्या धोकटीतून आलेल्या वस्तऱ्यावर तो शब्द नव्हता. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, त्या काळाच्या आसपासचं किंवा त्याआधीचं ते पातं असावं. कोणाच्या हातात होतं ते सांगता येत नाही. पण त्यावरचे काळे डाग आरशासारखे चकचकीत करायला माझा हात धजला नाही. गंज थांबवला, धार दिली, बाकी तसंच ठेवलं.

नव्या मुठीसाठी गिऱ्हाइकं दुर्मीळ काहीतरी मागतात. दादरच्या एका गृहस्थांनी आजीची हस्तिदंती बांगडी पुढे केली, "हिचीच बनवा." मी नाही म्हटलं. भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार १९८६ साली आणि आफ्रिकेतून आणलेल्या दाताचा १९९१ साली वन्यजीव कायद्याने बंद झाला. कासवाच्या पाठीचं कवच नाही, सांबराचं शिंगही नाही, गळून पडलेलं असलं तरी नाही. कायदा नसता तरी मी केलं नसतं. दाढीच्या हत्यारासाठी हत्ती मरावा हे मला पटत नाही. म्हशीचं शिंग चालतं, आणि ते सुरेख असतं. गरम केलं की मऊ पडतं, दोन लोखंडी पट्ट्यांत दाबलं की सपाट होतं. फक्त घासताना केस जळल्याचा वास सुटतो, आणि चाळीच्या गॅलरीतून हमखास विचारणा होते, "कोणाचं काय जळतंय रे?"

माझ्या मते लालबाग-परळमध्ये खरं दुर्मीळ लाकूड एकच, गिरणीतला धोटा, विणताना आडवा धागा घेऊन धावणारा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद पडल्या, विणायचे साचे भंगारात गेले, धोटे कुठे कुठे घरात उरले. पर्सिमनचे जुने परदेशी धोटे तर हाताला लागले की सोडवत नाहीत. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. घट्ट, लवचीक, झिजून गुळगुळीत होणारं. धोट्याच्या मधल्या पोकळीत सुताची कांडी बसते. त्या पोकळीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती वस्तऱ्याच्या मुठीला पुरतात, आणि दोन्हींचे रेषे लांबीला सरळ धावतात.

साचाखात्यात उमेदीची वर्षं घालवलेले एक आजोबा स्वतःचा धोटा आणि वडिलांचा वस्तरा घेऊन आले. मी करवत लावणार इतक्यात त्यांनी हात धरला. "थांब. फणीकडची बाजू कुठली, ठाऊक आहे का तुला?" धोटा साच्याच्या फणीला घासत धावतो, त्यामुळे त्याची मागची भिंत वेगळी झिजते. त्यांनी डोळे मिटून बोटाने ती ओळखून दाखवली. मी तोवर दोन्ही भिंती सारख्याच धरत होतो. ती बाजू मुठीच्या बाहेरच्या अंगाला ठेवायची आणि तिला पॉलिश पेपर लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. आता प्रत्येक धोट्याला मी तेच करतो.