अडीच किलोमीटरचं अंतर

पुण्याहून फ्रँकफर्ट किती लांब, असं मोबाइलला विचारलं की उत्तर लगेच येतं : सुमारे ६,७०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला तर त्याची जी लांबी भरेल, ती ही. ताशी साडेआठशेने भागलं की आठ तास. गणित चोख आहे, पण पुणेकराला त्याचा उपयोग नाही, कारण त्यात पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी धरलेलीच नाही. ती जेमतेम अडीच किलोमीटरची आहे, आणि पुणं जगापासून किती लांब हे खरं तर तिथे ठरतं.

लांब पल्ल्याच्या विमानाच्या वजनात इंधनाचा वाटा मोठा असतो. एवढं ओझं उचलायचं तर विमानाला जमिनीवर बराच वेळ धावून वेग घ्यावा लागतो. त्यात लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंच, आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा आणखी विरळ. म्हणजे धाव वाढवायला हवी, तर पुढे पट्टी संपलेली. मुंबईचा विमानतळ समुद्रालगत, त्याची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची. २००८मध्ये लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली ती लहान विमानाने आणि सुरुवातीला फक्त बिझनेस क्लासच्या आसनांनी. माणसं मोजकी, म्हणजे वजनही आटोक्यात. ती सेवा आता नाही.

यावर कुणी म्हणेल, दुबईला विमान बदला, एवढं काय त्यात? हरकत रास्त आहे. दुबईमार्गे वाट वाकडी होते ती फक्त दोनशे किलोमीटरने, उडण्याच्या हिशेबात पाव तास. पण मधल्या विमानाची वाट बघण्यात तीन-चार तास सहज जातात, आणि ते कुठल्याच किलोमीटरमध्ये दिसत नाहीत. नवं टर्मिनल २०२४मध्ये सुरू झालं, गर्दीला जागा झाली, हेही खरं. पण टर्मिनल कितीही ऐसपैस बांधलं तरी विमान उचलायला ते कामाचं नाही. धावपट्टीच वाढवा म्हणावं, तर तळ हवाई दलाचा आणि भोवती शहर वाढलेलं. कमी आसनांची, तरीही लांब जाणारी नवी विमानं हा अडसर थोडा सैल करू शकतील, एवढं मान्य करायला हवं. मात्र त्यांनाही रोज पुरेसे प्रवासी लागतील.

तोवर वाट मुंबईची. तिथून फ्रँकफर्ट सव्वाशेच किलोमीटर जवळ, आकाशात दहा मिनिटांचा फरक. त्या दहा मिनिटांसाठी पुणेकर दीडशे किलोमीटर रस्ता कापतो, घाटात ट्रक आडवा झाला असेल म्हणून दोन तास जास्तीचे धरतो, आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी संध्याकाळीच बॅगा डिकीत टाकतो.