छातीच्या हाडामागची शाळा

१२ जानेवारी २०२१च्या पहाटे कोविशील्डचे पहिले ट्रक मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून निघाले. आमचं हडपसरचं घर तिथून जवळच. पण घरात लशीची सर्वांत जास्त गरज ज्याला होती, त्या माझ्या धाकट्या भावाला मे उजाडेपर्यंत थांबावं लागलं. त्याला डाउन सिंड्रोम आहे. वय तेव्हा ४१; मार्चमध्ये सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली, पण ४५ पूर्ण झालेल्यांनाच. २०२०मध्ये ब्रिटनमधील प्रौढांच्या एका मोठ्या अभ्यासात मात्र डाउन सिंड्रोम असलेल्यांना कोविडने मृत्यूचा धोका सुमारे दहापट आढळला होता. असं का, याचा शोध घेताना मी थायमसपाशी पोहोचलो.

छातीच्या मधल्या हाडामागची ही ग्रंथी. १९६१मध्ये जॅक मिलर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तिचं महत्त्व दाखवलं. अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही पेशी इथे येऊन ‘टी’ पेशी होतात. ही त्यांची शाळाच. परीक्षा दोन: शरीराची ओळखखूण वाचता येते का, आणि आपल्याच अवयवांवर हल्ला तर करणार नाही ना? बहुतेक पेशी नापास होऊन तिथेच मरतात. पास झालेल्या शरीरभर पहारा देतात.

वयाबरोबर थायमस सगळ्यांचीच आक्रसते. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात आणि थायमस लहानपणापासूनच छोटी, रचनेने वेगळी आढळते. नव्या टी पेशी कमी तयार होतात. त्यात श्वासमार्ग अरुंद, काहींच्या हृदयात जन्मजात दोष. मग साधी सर्दी छातीत उतरते. दुसऱ्या परीक्षेला लागणारं ‘आयर’ हे जनुकही याच गुणसूत्रावर आहे. त्याच्या कामाचा तोल ढळलेला दिसतो. त्यामुळे पहारा कमजोर असतोच, शिवाय काही पहारेकरी घरच्यांवरच उलटतात: थायरॉइडचे विकार, सीलिअ‍ॅक, पहिल्या प्रकारचा मधुमेह या लोकांत जास्त दिसतात.

भावाच्या प्रत्येक न्यूमोनियाला आई स्वतःला बोल लावत आली. दही दिलं, कानटोपी घातली नाही, गार वाऱ्यात नेलं. हे सगळं वाचल्यावर मी तिला समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हे तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं.”

म्हणून इथे सांगतो. काही लशींना या मुलांचं शरीर कमी प्रतिसाद देतं, पण म्हणून लस टाळायची नाही. उलट एकही चुकवायची नाही. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची तपासणी दरवर्षी करा. आणि ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.