स्टेंट बसला, मधुमेह तसाच : पुढच्या वर्षांचा हिशेब

पेण-रोह्याकडच्या वस्त्यांमध्ये 'स्प्रिंग टाकली' म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईत अँजिओप्लास्टी होते, माणूस काही दिवसांत चालत घरी येतो आणि घरचे म्हणतात, "सुटलो एकदाचे." रुग्णाला मधुमेह असेल तर हा समज धोक्याचा आहे. म्हणून आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची बारीक नळी. हृदयाची रक्तवाहिनी जिथे अरुंद झाली, तिथे ती फुग्याने फुलवून बसवतात. तेवढी जागा मोकळी होते. मधुमेह मात्र एका जागेचा आजार नाही. रक्तातली वाढलेली साखर वर्षानुवर्षे सगळ्याच रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब करत असते. नळाच्या जुन्या लाइनीचा एक तुकडा बदलला, तरी बाकीची लाइन जुनीच राहते, तसे हे आहे. शिवाय स्टेंट आतून पुन्हा अरुंद होणे किंवा त्यात रक्ताची गुठळी होणे, हे दोन्ही धोके मधुमेहींमध्ये जास्त असतात.

औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमुळे हे धोके कमी झाले आहेत. पण सगळे लेप सारखे नाहीत. भारतातल्या ४५ केंद्रांत १,८३० मधुमेही रुग्णांवर झालेल्या 'टक्सेडो' अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पॅक्लिटॅक्सेल स्टेंटमध्ये वर्षभरात ५.६ टक्के रुग्णांना त्या रक्तवाहिनीशी संबंधित मोठा त्रास झाला. नव्या एव्हरोलिमस स्टेंटमध्ये हे प्रमाण २.९ टक्के होते.

एकाहून अधिक रक्तवाहिन्यांत अडथळे असतील, तर प्रश्न आणखी मोठा होतो. २०१२ मध्ये आलेल्या 'फ्रीडम' अभ्यासात असे १,९०० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेल्यांचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. नुसते मृत्यू पाहिले तर १६.३ आणि १०.९ टक्के. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त झाला : ५.२ टक्के, स्टेंटमध्ये २.४. त्या अभ्यासातले स्टेंट आजच्यापेक्षा जुन्या पिढीचे होते. तरीही मधुमेह आणि अनेक अडथळे असतील, तर शस्त्रक्रिया झेपणाऱ्या रुग्णाला आधी बायपास सुचवावी, असेच आजही बहुतेक तज्ज्ञ मानतात. छाती उघडायची भीती वाटणे साहजिक आहे. पण निर्णय भीतीवर होऊ नये. "किती रक्तवाहिन्यांत अडथळा आहे? मधुमेह धरून बायपास बरी की स्टेंट?" हे डॉक्टरांना सरळ विचारा.

हार्ट अटॅक सुरू असेल तेव्हा मात्र या चर्चेत वेळ घालवू नका. बंद पडलेली रक्तवाहिनी लवकर उघडणे हाच त्या वेळचा उपचार. १०८ ला फोन करा. आणि लक्षात ठेवा, मधुमेहींना छातीत दुखेलच असे नाही. अचानक दम लागणे, दरदरून घाम येणे, मळमळणे एवढेच लक्षण असू शकते. ते पित्त समजून घरी बसू नये.

पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. ही योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. मात्र घरी आल्यावर वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळ्यांचा खर्च घरावरच पडतो, आणि घोटाळा इथेच होतो. बरे वाटते, गोळ्या संपतात, धाताव एमआयडीसीतली पाळी किंवा भातलावणी बुडवून पनवेलला कोण जाणार? रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा सहा महिने ते वर्षभर एकत्र घ्याव्या लागतात. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नका. मुदत संपल्यावरही साधारणपणे एक गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायम राहते. जनऔषधी दुकानात यांतली बरीच औषधे स्वस्त मिळतात.

बाकी हिशेब साधा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर बहुतेकांसाठी ७ टक्क्यांच्या आसपास, रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली असावे. तंबाखू, मशेरी, विडी पूर्ण बंद. भात सोडायला नको, पण ताटातला ढीग कमी करून भाजी, डाळ, मासळी वाढवावी. जेवणानंतर चालावे.

मधुमेहाने बाबासाहेबांच्या शरीरालाही अनेक वर्षे पोखरले होते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात. तिथे नव्या रुग्णांची साखर तपासतानाच, स्टेंट बसलेल्या प्रत्येकाला एवढे जरूर विचारावे : गोळ्या चालू आहेत ना? आणि बंद असतील, तर पैशामुळे की अंतरामुळे? उत्तर कळले, तर वस्तीला मार्ग काढता येतो.