नांदेड–हैदराबाद अंतर व प्रवासकाळ

नांदेड (महाराष्ट्र) आणि हैदराबाद (तेलंगणा) या दोन शहरांमधील सरळरेषीय, म्हणजेच हवाई अंतर सुमारे २३० किलोमीटर असून रस्त्याने ते सुमारे २८० किलोमीटर भरते. मोटारीने या प्रवासास साधारणतः पाच तास लागतात. विमानास सुमारे एक तास पुरतो. तथापि प्रवाशाचा एकूण वेळ केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. नांदेड जिल्ह्यातील बिलोली हे सीमावर्ती तालुक्याचे गाव त्याचे उत्तम उदाहरण आहे.

रस्ता
अकोला–संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१ नांदेड, नरसी व देगलूरवरून तेलंगणात जातो. संगारेड्डीजवळ तो पुणे–हैदराबाद महामार्गास मिळतो. वळणे, नद्यांवरील पूल आणि वाटेवरील गावे यांमुळे रस्त्याचे अंतर हवाई अंतराच्या सुमारे सव्वापट होते.

विमान
'उडान' या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेखालील नांदेड–हैदराबाद विमानसेवेचा प्रारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला. ट्रूजेट कंपनीची एटीआर-७२ जातीची विमाने या मार्गावर धावत. २०२२ मध्ये या कंपनीचे उड्डाण थांबले. अशा विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. त्या हिशेबाने अर्धा तास पुरावा. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे यांमुळे वेळापत्रकातील वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

प्रत्यक्ष प्रवासकाळ
विमानतळावर सुटण्यापूर्वी किमान एक तास आधी पोहोचावे लागते. हैदराबादचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस शमशाबाद येथे आहे. नांदेडकडून रस्त्याने येणारा प्रवासी मात्र वायव्येकडून शहरात शिरतो. घर ते विमानतळ अर्धा तास, प्रतीक्षा एक तास, उड्डाण एक तास, सामान मिळण्यास अर्धा तास आणि शमशाबादहून शहरात येण्यास एक तास धरला, तर नांदेडकरास एकूण चार तास लागतात. म्हणजे मोटारीच्या तुलनेत बचत एका तासाचीच होते.

बिलोलीचे उदाहरण
बिलोली नांदेडच्या आग्नेयेस, रस्त्याने सुमारे ७५ किलोमीटरवर, म्हणजे हैदराबादच्याच दिशेला आहे. येसगी येथे मांजरा नदीवरील पूल ओलांडून बोधनमार्गे हैदराबाद २०० ते २१० किलोमीटर पडते आणि मोटारीने सुमारे साडेचार तासांत गाठता येते. विमान पकडायचे, तर प्रथम उलट दिशेने नांदेड गाठण्यात दीड ते दोन तास जातात आणि एकूण प्रवास पाच तासांहून अधिक होतो. रुग्णास हैदराबादच्या रुग्णालयात तातडीने न्यावयाचे असता हा फरक महत्त्वाचा ठरतो. या गावापुरता रस्ताच विमानाहून जलद आहे.