तेलविहिरीचा स्फोट आणि समुद्राचे न फिटणारे देणे

समुद्रात तेल सांडल्याची बातमी आली की वर्तमानपत्रे तिला 'अपघात' म्हणून मोकळी होतात. या शब्दात मोठी सोय आहे. वीज कोसळली, दरड आली, तसेच हेही घडले, असा अर्थ त्यातून निघतो आणि कोणाला जाब विचारण्याची गरज उरत नाही. 20 एप्रिल 2010 रोजी अमेरिकेच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या आखातात जे घडले ते मात्र पायरीपायरीने घडले आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर थांबता येत होते. तेवढेच आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे 66 किलोमीटरवर 'डीपवॉटर होरायझन' नावाची तरंगती रिग एक विहीर खोदत होती. विहीर बीपी या तेलकंपनीची, रिग भाड्याने घेतलेली ट्रान्सओशन कंपनीची आणि सिमेंटचे काम हॅलिबर्टन कंपनीचे. रिगवर 126 माणसे होती. खाली दीड हजार मीटर पाणी आणि त्याखाली सुमारे चार हजार मीटर विहीर.

भूगर्भातले तेल आणि वायू आपल्या आडातल्या पाण्यासारखे शांत बसलेले नसतात. त्यांच्यावर प्रचंड दाब असतो. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला दाब म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. हा दाब आवरण्यासाठी तीन कुलपे असतात. पहिले कुलूप विहिरीत भरलेल्या जड गाऱ्याचे. त्याच्या वजनानेच तेल खाली दाबून धरले जाते. दुसरे तळाशी ओतलेल्या सिमेंटचे. तिसरे विहिरीच्या तोंडावर, समुद्रतळाशी बसवलेल्या अवाढव्य झडपयंत्राचे. वेळ पडल्यास त्याच्या पोलादी पात्यांनी नळी कापून विहिरीचे तोंड बंद करायचे असते.

त्या दिवशी ही तिन्ही कुलपे निकामी ठरली. सिमेंट नीट बसले की नाही हे तपासणारी माणसे रिगवर आली होती. त्यांना तपासणी न करताच सकाळी परत पाठवण्यात आले. संध्याकाळी दाबाची परीक्षा झाली. वरचा भार कमी करायचा आणि खालून काही वर येते का ते पाहायचे, अशी ती परीक्षा. खोदाईच्या नळीतला दाब पुन्हापुन्हा चढत होता. त्याचा अर्थ उघड होता : तळ बंद झालेला नाही. परंतु त्या आकड्याचे भलतेच कारण लावून विहीर सुरक्षित ठरवली गेली. मग जड गारा काढून त्या जागी हलके समुद्राचे पाणी भरण्याचे काम पुढे चालू राहिले. म्हणजे पहिले कुलूप आपल्याच हातांनी काढले. रात्री पावणेदहाच्या सुमारास वायू रिगवर पोहोचला आणि पेटला. झडपयंत्रातील नळी वाकलेली असल्यामुळे पात्यांनी ती पुरती कापली नाही. 11 कामगार मेले. दोन दिवसांनी रिग बुडाली.

अनुभवी माणसांच्या हातून हे कसे झाले? काम ठरलेल्या मुदतीच्या कित्येक आठवडे मागे पडले होते आणि नुसत्या रिगचे भाडेच दिवसाला सुमारे पाच लाख डॉलर होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच दिवशी दोन्ही कंपन्यांचे बडे अधिकारी रिगवर आले होते आणि तेथे सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत झाली नाही याचे कौतुक चालले होते. पाय घसरून पडलेल्यांची मोजदाद चोख होती. विहिरीतल्या दाबाची किंमत मात्र कोणी केली नाही. बोट कापू नये म्हणून हातमोजे देणे ही एक सुरक्षितता आणि यंत्र फुटू नये म्हणून काम थांबवणे ही दुसरी. पहिलीला खर्च थोडा, म्हणून ती लवकर होते. चौकशीत तर अशी साक्ष झाली, की खोट्या इशाऱ्यांनी झोपमोड होऊ नये म्हणून धोक्याचा सार्वत्रिक भोंगा आपोआप वाजणार नाही अशी व्यवस्था केलेली होती.

काम थांबवण्याचा अधिकार कागदावर तेथील प्रत्येक कामगाराला होता. पण दिवसाला लाखो डॉलर मोजणारे काम आपल्या एका शब्दाने थांबवून उद्या आपली नोकरी राहील, अशी खात्री कोणता कागद देतो?

विहीर 87 दिवस वाहत होती. न्यायालयाच्या हिशेबाप्रमाणे सुमारे 31 लाख 90 हजार पिंपे तेल समुद्रात गेले. ते फोडण्यासाठी सुमारे 70 लाख लिटर रसायने वापरली गेली. त्यांनी तेल नाहीसे होत नाही. त्याचे बारीक थेंब होतात आणि डोळ्यांआड होतात. कित्येक किलोमीटर दूरची खोल समुद्रातील प्रवाळे काळवंडली. दोन हजारांहून अधिक किलोमीटर किनाऱ्याला तेल लागले. दलदलीतले गवत मुळासकट मेले, तेथील माती सुटली आणि जमीनच समुद्रात गेली. ती कोणत्याही भरपाईने परत येत नाही. कच्च्या तेलातील द्रव्ये माशांच्या अंड्यांतील गर्भाचे हृदय बिघडवतात, हे प्रयोगांनी दिसून आले. बाराटारिया उपसागरातील डॉल्फिनांना फुप्फुसांचे विकार जडले. पाहणीतल्या गाभण माद्यांपैकी पाचांत जेमतेम एकीचे पिल्लू जगले. मासेमारी बंद झाल्याने कोळ्यांची चूल विझली आणि त्यांच्यातलेच कित्येक जण रोजावर तेल उपसायला गेले. सफाई करणाऱ्या हजारो माणसांच्या प्रकृतीची पाहणी पुढे वर्षानुवर्षे चालली; तेलाशी जास्त संबंध आलेल्यांत श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळल्या.

2014 साली न्यायालयाने बीपीचा निष्काळजीपणा घोर ठरवला आणि दोषाचे 67 टक्के तिच्या माथी मारले. पुढे 20.8 अब्ज डॉलरची तडजोड झाली. पण त्या 11 मृत्यूंबद्दल एकही माणूस तुरुंगात गेला नाही.

ज्या सरकारी खात्याने या कामावर देखरेख करायची, तेच खाते तेलाचे स्वामित्वधनही गोळा करीत होते. पीक वाढण्यातच कुंपणाचा फायदा असला, तर कुंपण गुरे कशाला हाकील? त्या खात्याचे पुढे विभाजन करावे लागले. आपल्या मुंबई हायवर 27 जुलै 2005 रोजी आपल्यावरील जखमी माणसाला फलाटावर पोहोचवायला आलेले जहाज वायूच्या नळीवर आदळले, आगीत फलाट नष्ट झाला आणि 22 माणसे गेली. आपल्याकडेही या उद्योगाच्या सुरक्षिततेचे संचालनालय, उत्पादन वाढवू पाहणाऱ्या त्याच पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखाली आहे. हे दोन हात वेगळे असावेत, ही मागणी नुसती कामगारांची नव्हे. मासळी खाणाऱ्या आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाची आहे.

समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून त्याच्या वतीने तक्रार नोंदवायला कोणी येत नाही. धोका सर्वांत आधी दिसतो तो यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला. 'थांबा' म्हणणाऱ्या त्या माणसाची भाकरी सुरक्षित राहील असा कायदा आणि अशी संघटना त्याच्या पाठीशी उभी करणे, हाच समुद्र वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.