कोनशिला बसवली, पुढे काय?

इस्पितळात आपण जातो ते बहुधा घाईत. कडेवर तापानं फणफणलेलं मूल, हातात केसपेपर. भिंतीतल्या संगमरवरी पाटीकडे लक्ष जाणार तरी कसं? पण औषधाच्या रांगेत उभं राहायची वेळ आली, तर ती पाटी जरूर वाचावी. कुणी, कुणाच्या स्मरणार्थ, कोणत्या साली बांधलं, एवढा मजकूर तिच्यावर बहुधा असतोच.

मुंबईत परळला लहान मुलांचं वाडिया इस्पितळ आहे. पूर्ण नाव बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल फॉर चिल्ड्रन. जेरबाई म्हणजे बॉम्बे डाइंगचे संस्थापक नवरोजी वाडिया यांच्या पत्नी. त्यांच्या कुसरो आणि नेस या मुलांनी गिरणगावात १९२६ साली वडिलांच्या नावे बाळंतपणाचं इस्पितळ काढलं आणि १९२९ साली आईच्या नावे मुलांचं. गिरणीत राबणाऱ्या कुटुंबांची केवढी सोय झाली!

पण घर बांधणं वेगळं आणि संसार चालवणं वेगळं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. इमारत एकदा उभी राहते. नर्सचे पगार, औषधं, चादरींची धुलाई हा खर्च रोजचा. वाडियात हा भार महापालिका आणि राज्य सरकारनंही उचलायचा, असं ठरलेलं. ते अनुदान थकलं आणि जानेवारी २०२० मध्ये नवे रुग्ण घेणं थांबवण्याची पाळी आली. कर्मचारी रस्त्यावर उतरले, गावभर ओरड झाली, तेव्हा कुठे पैसे सुटले. नव्वद वर्षांची इमारत जागेवर होती, नावही जागेवर होतं. पण आजारी लेकराला घेऊन आलेल्या आईला त्याचा काय उपयोग?

परळचं इस्पितळ निघालं त्याच १९२९ साली लंडनमध्ये एका लेखकानं दिलेलं दान मला फार शहाणपणाचं वाटतं. 'पीटर पॅन' हे मुलांचं नाटक लिहिणारे जे. एम. बॅरी यांनी त्याचे हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या इस्पितळाला देऊन टाकले. प्रयोग होतील, पुस्तक खपेल, तसतसं उत्पन्न इस्पितळाला! पुढे १९८८ साली ब्रिटनच्या संसदेनं तिथल्यापुरती ही सोय कायमची करून दिली.

आपल्याकडे सासू-सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला काही दान द्यायची रीत आहे. बाक किंवा पंखा द्यायचा, त्यावर नाव घालायचं. चांगलंच आहे ते. पण यंदा आधी गावच्या इस्पितळात जाऊन विचारा, ''तुमचं कशावाचून अडतं?'' कुठे गरीब रुग्णांसाठी निधी असतो, कुठे रक्तदाते हवे असतात, कुठे नुसत्या स्वच्छ चादरी. भिशीतल्या दहाजणींनी मिळून दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं ठरवलं, तरी एखाद्या मुलाच्या औषधाची काळजी मिटेल. पावती मात्र आठवणीनं मागून घ्या हं.