पेन्शनचा पैसा ‘हिरवा’ केला, तर वाढतो किती?

१ नोव्हेंबर २००५ नंतर जिल्हा परिषदेत लागलेल्या वाशीमच्या गुरुजींना ‘डीसीपीएस’, म्हणजे पगारातून कपात होणारी अंशदायी पेन्शन योजना, समजावून सांगावी लागत नाही. कपात सुरू झाली, हिशेबाच्या पावत्यांसाठी हेलपाटे झाले, पुढे खाती राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) वर्ग झाली आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ६० हजार होत असतील, तर दरमहा ६ हजार गुरुजींचे आणि १४ टक्क्यांप्रमाणे ८,४०० सरकारचे जमा होतात. हा पैसा पुढे कुठे गुंतवला जातो, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

प्रान खात्याचे, म्हणजे एनपीएसमधल्या आपल्या कायम खात्याचे, विवरण उघडले की एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांचे पेन्शन फंड दिसतात. बहुतेक रक्कम सरकारी व कंपन्यांच्या रोख्यांत असते. शेअरसाठी अनेक वर्षे १५ टक्क्यांची मर्यादा होती. त्यामुळे ‘पर्यावरणपूरक गुंतवणुकीत परतावा किती’ याचे उत्तर आपल्यापुरते आधी रोख्यांत शोधावे लागते.

केंद्र सरकारने पहिले हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठी पैसा उभारणारे रोखे, जानेवारी २०२३ मध्ये विकले. पाच वर्षांच्या रोख्यावर ७.१० टक्के, दहा वर्षांच्या रोख्यावर ७.२९ टक्के व्याज ठरले. साध्या सरकारी रोख्यांपेक्षा सुमारे ०.०५ टक्के कमी. म्हणजे लाखामागे वर्षाला पन्नासेक रुपयांचा फरक. एवढ्याने कुणाचे म्हातारपण अडत नाही.

शेअरचे गणित वेगळे. ‘ईएसजी’ फंड, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार पाहून कंपन्या निवडणारे फंड, आयटी आणि बँकांकडे झुकलेले असतात. २०२० मध्ये आयटी उसळले तेव्हा त्यांची चलती होती. युक्रेन युद्धानंतर कोळसा आणि तेलाच्या कंपन्या वधारल्या, तेव्हा हेच फंड मागे राहिले. हिरव्या शिक्क्याने जास्त परतावा मिळतोच, असे सांगणाऱ्या एजंटावर म्हणून विश्वास ठेवू नये. शुल्कही तपासावे: सरकारी कर्मचाऱ्यांच्या एनपीएसमध्ये ते अगदी नगण्य असते, ईएसजी म्युच्युअल फंडात ते त्याच्या कितीतरी पट असू शकते. तीस वर्षांत हा फरक मोठी रक्कम खातो.

माझ्या मते खरा धडा कारभाराचा आहे. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या ‘आयएल अँड एफएस’ या कंपनीला २०१८ च्या ऑगस्टपर्यंत ‘ट्रिपल ए’ हे सर्वोच्च मानांकन होते; सप्टेंबरमध्ये ती ‘थकबाकीदार’ श्रेणीत घसरली. एनपीएसच्या फंडांचे आणि अनेक भविष्यनिर्वाह न्यासांचे पैसे तिच्या रोख्यांत अडकले. कर्जावर कर्ज चढत होते, शेकडो उपकंपन्यांचे जाळे पसरले होते आणि मानांकन मात्र तोवर जागचे हलले नव्हते. कारभाराची कसून छाननी झाली असती, तर काही नुकसान तरी टळले असते. ईएसजीतली ही शेवटची बाजू पेन्शनधारकाला सर्वांत आधी वाचवते.

पर्यावरणाची बाजूही वाशीमला परकी नाही. इथे अनेक गुरुजींच्या घरी सोयाबीन आहे आणि ते पावसाच्या भरवशावर. २०१० मध्ये पंचविशीत लागलेला शिक्षक २०४३ मध्ये निवृत्त होईल. तोवर कोळशावर उभ्या कंपन्यांची कर्जे किती सुरक्षित राहतील, हा त्याच्या पैशाचा प्रश्न आहे.

आपल्या फंडाने कोणत्या कंपन्यांत पैसा ठेवला, याची यादी त्या फंडाच्या संकेतस्थळावर मिळते. शिक्षक संघटनांनी पुढच्या बैठकीत ती वाचावी आणि प्रत्येक नावापुढे कारण मागावे.